कुलथे सरांची साक्ष

पासवर्ड मेला तेव्हा कोणी त्याचं सुतक पाळलं नाही. उलट सगळ्यांना हायसंच वाटलं. त्याच्यामागून मोबाइलवर येणारा सहा आकडी क्रमांक निकामी झाला, मग अंगठा, मग बुबुळ, मग आवाज. यंत्रं माणसाची नक्कल इतकी हुबेहूब करू लागली की सातमाळा विद्यापीठात एका दुपारी कुलगुरूंच्या चेहऱ्याने, कुलगुरूंच्या आवाजात, कुलगुरूंसारखंच मधूनमधून खाकरत कोणीतरी परीक्षा विभागाला फोन केला आणि अख्ख्या एका शाखेचे निकाल बदलून घेतले. खरे कुलगुरू त्या वेळी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसले होते. चोर काही सापडला नाही, पण पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने खात्यांना तिसरं कुलूप लावलं. कार्ड पहिलं, अंगठा दुसरा आणि तिसरी ‘साक्ष’.

साक्षीची कल्पना तशी सोपी होती. मी मीच आहे असं तुम्ही कितीही ओरडून सांगा, त्याला किंमत नाही. ते दुसऱ्या माणसाच्या मेंदूने सांगायचं. ओळखीचा चेहरा समोर आला की आपल्याला कळायच्या आत मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. ती ठरवून उठवता येत नाही आणि दाबूनही टाकता येत नाही. कानामागे चिकटवलेली पट्टी ही लाट टिपते. साक्षीदाराला पट्टी लावून पडद्यासमोर बसवायचं, त्याच्या डोळ्यांपुढून भराभर अनोळखी चेहरे न्यायचे आणि त्यांच्यातच, शेजारच्या बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेल्या खातेदाराचा आत्ताचा चेहरा सोडायचा. लाट उठली की खातं उघडलं. चेहरा चोरता येतो, आवाज चोरता येतो. पण दुसऱ्याच्या डोक्यात आपली ओळख नेऊन ठेवायची म्हणजे त्याच्याबरोबर चार दिवस काढावे लागतात, आणि चोरांना तेवढी सवड नसते.

ऋजुता गांगुर्डेचं सगळं त्या खात्यात होतं. सातमाळ्याच्या डोंगरांवरचं दगडफूल वर्षाला किती वाढतं आणि दर उन्हाळ्यात कुठून कुठवर मागे हटतं, हे ती सहा वर्षं मोजत होती. आपण मसाल्यात घालतो तेच हे दगडफूल. वर्षाकाठी ते जेमतेम नखाच्या जाडीएवढं वाढतं, त्यामुळे मोजणाऱ्याला भलता दम धरावा लागतो. मोजमापं, फोटो, प्रबंधाचं पान न् पान विद्यापीठाच्या खात्यातच ठेवायचं, घरी प्रत न्यायची नाही, असा चोरीच्या भीतीने नियम होता. ऋजुता नियम पाळणाऱ्यांतली. मुदतवाढी सगळ्या घेऊन झाल्या होत्या. या सत्रात प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. त्याआधी एवढी साक्ष जोडून घ्यायची होती.

पडद्यावर एकच प्रश्न होता : तुम्हाला सर्वांत चांगलं ओळखणारी व्यक्ती. ऋजुताने क्षणाचाही विचार न करता आईचं नाव टाकलं. शेजारच्या टेबलावरच्या प्राजक्ताने मान लांब करून ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, घरचं नाव टाकलंस? सरांना काय वाटेल?”

“सरांना कशाला काय वाटेल? नियमात कोणीही चालतं.”

“नियमात चालतं. विभागात नाही चालत. आम्ही सगळ्यांनी सरांचंच टाकलंय.”

तेही खरंच होतं. या विभागात रजेच्या अर्जापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सगळं मार्गदर्शकांमार्फत जायचं. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं, सत्कारात पहिला हार सरांना. अशा ठिकाणी ‘मला सर्वांत चांगलं ओळखणारी व्यक्ती’ म्हणून भलतंच नाव देणं म्हणजे पंगतीत मानाच्या पाहुण्याला सोडून वाढण्यासारखं होतं. ऋजुताने आईचं नाव पुसलं आणि लिहिलं : डॉ. विद्याधर कुलथे.

कुलथे सर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. विद्यार्थ्यांकडून घरची भाजी आणून घेणारे, मुलाखतीत पाडणारे मार्गदर्शक त्या इमारतीत पैशाला पासरी होते. कुलथे त्यांतले नव्हते. त्यांचं कामावर प्रेम होतं. साक्ष कक्षात ते ठरल्या वेळी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “दोन मिनिटांचं काम ना, गांगुर्डे? चल, उरकून टाकू.”

ऋजुता शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसली. मधल्या काचेतून तिला कक्ष सांभाळणारा शकील पिंजारी आणि त्याच्यासमोरचा पडदा दिसत होता. चेहरे सरकू लागले. तिचा स्वतःचा चेहरा आला, गेला. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ. पुन्हा आला, पुन्हा गेला. रेघेला काही होईना.

शकीलने सरांच्या कानामागची पट्टी काढून पुसली, पुन्हा लावली. तरी तेच. मग त्याने यंत्र तपासायला म्हणून विभागाचे शिपाई लहानू भोये यांचा फोटो मध्ये सोडला, आणि रेघ अशी उसळली की पडद्याच्या वरच्या कडेला टेकली.

“यंत्र बरोबर आहे, सर,” शकील हळूच म्हणाला.

“अहो, काय बोलता! मी ओळखतो तिला. गांगुर्डे. दगडफूल. बाजूच्या खोलीतच बसलीय ना ती.”

“तुम्ही ओळखता, सर. डोकं ओळखत नाहीये.”

ऋजुताचे कान तापले. तोंडात मारल्यासारखं झालं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या बंद खोलीत कळलं. आणि लाज वाटावी ती सरांना, तर वाटत होती हिलाच, जणू हिनेच आपला चेहरा नीट आणला नव्हता.

मग वसतिगृहावर परत जाताना तिने आठवून पाहिलं. वर्षातले आठ महिने ती डोंगरावर असायची. मोजमापं खात्यात टाकायची, सर रात्रीतून त्यांवर शेरे लिहायचे, आणि शेरे असे नेमके असायचे की वाचताना वाटावं, सर शेजारीच उभे आहेत. चर्चा व्हायच्या त्या पडद्यावर, तीही चेहरे बंद ठेवून, कारण तशी विभागाची पद्धत होती. वार्षिक सादरीकरणात खोली अंधारी. सर बघायचे भिंतीवरच्या आलेखांकडे. आणि कधी कागद घेऊन केबिनशी गेली तर दारातच उभी राहायची, सरांसमोर विद्यार्थी बसत नसत, आणि सर मान वर न करता म्हणायचे, “ठेव तिथं.” लहानू मात्र रोज सरांच्या समोर चहा ठेवून, साखर ढवळून, दोन गोष्टी बोलून जायचा.

दुसऱ्या दिवशी तिने शकीलला विचारलं, “साक्षीदार बदलता येईल का? आईचं नाव टाकते.”

“नाही येत, ताई. एकदा नकार आला की नाही येत. भामटा काय करतो? एक नाही म्हणाला की दुसरा गाठतो, दुसरा नाही म्हणाला की तिसरा. म्हणून तो रस्ताच बंद केलाय. तुमच्याकडे अजून एक संधी आहे, आणि ती कुलथे सरांचीच.”

कुलथे सरांना मनापासून वाईट वाटलं होतं. आणि वाईट वाटलेला मास्तर जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी घोकंपट्टी केली. ऋजुताचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला आणि आठवडाभर येता-जाता, जेवताना, झोपण्यापूर्वी तो पाहिला. डाव्या भुवईतला व्रण, हनुवटीची खळी, कानाची पाळी, सगळं पाठ केलं. आयुष्यभर ज्या मार्गाने परीक्षा दिल्या आणि घेतल्या, तो मार्ग इथे दगा देईल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या परीक्षेत ऋजुताचा चेहरा आला आणि रेघ उसळली. काचेपलीकडे ऋजुता खुर्चीतून अर्धी उठली. पण पडदा हिरवा होण्याऐवजी लालभडक झाला.

लाटा खरं तर दोन असतात. पहिली म्हणते, हा चेहरा पाहिलेला आहे. तिच्यामागून, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, दुसरी येते. ती म्हणते, हे माणूस मला माहीत आहे. पहिल्या लाटेला फोटो पुरतो. दुसरीला त्या माणसाचं बोलणं, रागावणं, चहात किती साखर घेतो ते, असं काहीतरी लागतं. सरांच्या मेंदूत पहिली लाट उंचच उंच होती आणि दुसरीचा पत्ता नव्हता. ही खूण यंत्राला चांगली ठाऊक होती. चोर भाडोत्री माणसाला फोटो दाखवून तयार करतात आणि साक्षीदार म्हणून बसवतात, तेव्हा नेमकं असंच दिसतं. पडद्यावर शब्द उमटले : पढवलेला साक्षीदार. खातं मोहोरबंद. प्रकरण समितीकडे.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं पुटपुटत शकीलने पट्टी गुंडाळून ठेवली.

नांदगावला आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा यंत्रावर नाही चिडली. चिडली ती लेकीवर.

“माझं नाव पुसून त्या मास्तरचं टाकलंस?”

“आई, तिथं तशी रीत आहे.”

“रीत! जलमल्यापासून वळखते मी तुला, आन् तू लिवते, मला तो मास्तर जास्त वळखतो. मंग भोग आता.”

तरी दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून लेकीबरोबर विद्यापीठात आली. कोणाचंही ऐकून घेईना. शेवटी शकीलने, नोंद न करता, तिला पट्टी लावून बसवलं. ऋजुताचा चेहरा दिसला मात्र, दोन्ही लाटा एकीवर एक अशा उठल्या की शकील म्हणाला, “मावशी, अशी लाट मी आजवर पाहिली नाही.” आईने नाक उडवलं. “त्यात मशिनीला काय विचारायचं?” पण या साक्षीचा उपयोग शून्य होता. नाव दुसऱ्याचं होतं.

परतताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “एक विचारू का? राग नको धरू. सहा वर्सं तू तिथंच जात होतीस ना गं?”

“आई!”

“न्हाई, मी आपलं विचारलं. यवढ्या मोठ्या मास्तरनं वळखलं न्हाई म्हन्ल्यावर लोकं विचारत्यात. मी काय सांगू त्यान्ला?”

जिच्या मेंदूत डोंगराएवढ्या लाटा उठल्या होत्या, तिच्याही मनात शंका आली होती. आईला चेहऱ्याची खात्री होती, दिवसांची नव्हती.  ऋजुताला रडू आलं आणि ते तिने आवरलंही नाही.

समितीची तारीख लागेपर्यंत मधे काही आठवडे होते. एका सकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती सवयीने दारात उभी राहिली.

“आत ये. बस.”

ती बसली. लहानूने दोन चहा आणून ठेवले. सर तिच्याकडे पाहत होते आणि पाहताना अवघडत होते.

“गांगुर्डे, समितीला मी आणखी एक संधी मागणार आहे. तोवर तू रोज इथं चहाला येत जा. मला तुला...” त्यांना शब्द सापडेना. “मला तुझी माहिती नाही.”

सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. सर मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारायचे आणि ती तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं द्यायची. मग हळूहळू सैल झालं. तिला चहा बिनसाखरेचा लागतो हे सरांना कळलं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले आणि आईने अंगणवाडीच्या नोकरीवर घर चालवलं, हेही कळलं. ती हसताना तोंडावर हात नेते. पालीला घाबरते आणि सापाला नाही. आणि तिला कळलं की सर एकटे राहतात, त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते आणि सणासुदीला पडद्यावर दिसते.

एकदा सर तिच्याबरोबर डोंगरावर आले. धापा टाकत, तीन ठिकाणी बसत आले. दगडापाशी पोचल्यावर ऋजुताने बाटलीचं झाकणभर पाणी दगडफुलावर शिंपडलं, थोडी थांबली आणि मग मोजपट्टी लावली.

“हे पाणी कशाला?”

“कोरडं असलं की आक्रसतं, सर. भिजवून मोजलं तरच माप खरं येतं. सहा वर्षं असंच करते.”

“हे तू कधी लिहिलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

सर खडकावर बसले आणि म्हणाले, “तुझं वाक्य मी हजार वाक्यांतून काढून दाखवीन, गांगुर्डे. आणि तू समोरून गेलीस तर ओळखलं नसतं. काय म्हणायचं याला?” ऋजुताला त्यांचा रागही आला आणि दयाही आली.

समितीच्या आदल्या दिवशी शकीलने पुन्हा एकदा, गुपचूप, सरांना पट्टी लावली. पहिली लाट आली. तिच्यामागून दुसरी, भरदार, गोल, आईच्या खालोखाल. शकीलने खुर्चीवरून उडीच मारली. ऋजुताने त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, “उद्या संपेल सगळं.”

समितीच्या अध्यक्ष कुलसचिव वाघुळदे मॅडम होत्या. शांत, नम्र बाई. त्यांनी सरांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

“सर, आज तुम्ही यांना ओळखता, याबद्दल समितीला शंका नाही. आणखी चाचणी घ्यायचीही गरज नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या खात्यात सहा वर्षं कोणीतरी काम केलं. ते काम करणारी व्यक्ती आणि आज तुमच्या शेजारी बसलेल्या या बाई एकच आहेत, हे कोण सांगणार?”

“मी सांगतो. हिचं लिखाण, हिची मोजमापं...”

“लिखाण कोणीही कोणासारखं करून देतं, सर. त्याचसाठी तर आपण साक्ष आणली.”

“मग विभागातल्या मुलांना विचारा. हिच्या आईला विचारा.”

“फॉर्मवर नाव तुमचं आहे. आम्हाला तुम्हालाच विचारावं लागेल, आणि तुमच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवू.” मॅडम थोड्या पुढे झुकल्या. त्यांना मदतच करायची होती, हे ऋजुताला स्पष्ट दिसलं. “खातं बंद होण्याआधी, त्या सहा वर्षांत, हे काम करताना तुम्ही यांना पाहिलंत? एकदा जरी पाहिलं असेल तरी पुरे. हो म्हणा, मी आत्ता सही करते.”

खोलीत पंखा फिरत होता. सरांच्या कानामागे पट्टी नव्हती. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर कोणी तपासणार नव्हतं. ऋजुताने त्यांच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात हात जोडले. सर, एवढं एकदा खोटं बोला. खोटं तरी कुठे आहे ते! मीच होते ती. तुम्हाला माहीत आहे.

पण कुलथे सरांनी उभ्या हयातीत विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावली होती, की जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते नोंदीत लिहायचं नाही; पावसाचा आवाज ऐकला म्हणून पाऊस पडला असं लिहायचं नाही. किती जणांची मोजमापं त्यांनी त्यापायी खोडली होती. ऋजुताचीही खोडली होती. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“डोंगरावर पाहिलं,” ते म्हणाले. “पण ते नंतर. गेल्या महिन्यात.”

“त्याआधी?”

सरांनी मान खाली घातली.

“नाही. पाहिलं नाही.”

वाघुळदे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनाही वाईट वाटलं असावं. निकाल मात्र सरळ होता. खातेदाराची ओळख सिद्ध होत नाही, सबब नोंदणी रद्द. आणि त्या संशोधनाशी जोडलेला, ओळख सिद्ध झालेला एकच माणूस उरत असल्याने सर्व मोजमापं, छायाचित्रं आणि प्रबंधाचा मसुदा यापुढे डॉ. विद्याधर कुलथे यांच्या नावे.

बाहेर जिन्यात सरांनी तिला गाठलं. त्यांचे डोळे भरले होते.

“मी तुझ्या नावाने प्रसिद्ध करीन. प्रत्येक पानावर तुझं नाव घालीन.”

“कोणाच्या नावाने, सर?” ऋजुता म्हणाली. “मी आहे असं कुठे सिद्ध झालंय?”

तिला हे बोलून सरांना दुखवायचं होतं आणि ते दुखावले. पण त्याने तिचं काही हलकं झालं नाही. सगळं झाल्यावर ओळख पटली होती, वरातीमागून घोडं. ती चहाला पुन्हा गेली नाही. नांदगावला आईने शेजाऱ्यांना सांगून टाकलं की पोरीने शिक्षण अर्ध्यात सोडलं. ते सांगायला सोपं होतं, आणि आईचाही हळूहळू त्यावर विश्वास बसत चालला होता. शाळेत शिकवण्यासाठी अर्ज करायचा तर सहा वर्षं काय केलं या रकान्यात लिहायला ऋजुताकडे काही नव्हतं.

नव्या सत्राच्या प्रवेशाच्या दिवशी ती वसतिगृहाच्या खोलीची किल्ली परत द्यायला आली. आवारात पोरांची आणि पालकांची झुंबड उडाली होती, सगळे छत्र्या आणि पिशव्या सावरत साक्ष कक्षाच्या रांगेकडे पळत होते. किल्ली देऊन ती फाटकाकडे निघाली. कुलथे सर पहिल्या मजल्यावरच्या सज्जात उभे होते. एवढ्या गर्दीत, एवढ्या लांबून, पाठमोरी, त्यांनी तिला क्षणात ओळखलं. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि विद्यापीठाची रीतभात सगळी विसरून मोठ्याने हाक मारली, “ऋजुता!”

हाक तिच्या कानावर पडली. पण सरांनी तिला आडनावाखेरीज कधी हाक मारली नव्हती, त्यामुळे नाव घेणारा तो आवाज सरांचा आहे हे तिला ओळखू आलं नाही. कोणी बाप गर्दीत चुकलेल्या, याच नावाच्या आपल्या मुलीला हाक मारत असेल, असं तिला वाटलं, आणि ती मागे न बघता फाटकाबाहेर पडली.